एकच कोर राबतो, बाकीचे रिकामे दिसतात आणि गेम अडखळतो : दोष नेमका कुठे शोधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहणाऱ्या, अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याकडे २०२० साली घेतलेला लॅपटॉप आहे. त्यात इंटेलचा कोर आय५-९३००एच प्रोसेसर, एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि विंडोज १० आहे. जीटीए ५ हा गेम पहिली तीन वर्षे सेकंदाला ७० फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावरच्या ७० चित्रांच्या, आसपास चालत असे. आता पहिली दहा मिनिटे तो तसाच चालतो आणि मग २४-२५ फ्रेमपर्यंत घसरतो. टास्क मॅनेजरमधल्या, म्हणजे प्रोसेसर किती राबतो ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीतल्या, आठ आलेखांपैकी एक शंभर टक्क्यांना टेकलेला असतो, बाकीचे वीस-तीस टक्क्यांवर रेंगाळतात, आणि फ्रेम घसरल्यावर तो टेकलेला आलेखसुद्धा पन्नास-पंचावन्नवर येऊन थांबतो. एका मित्राने ‘कोर झोपलेत, त्यांना जागे करणारे सॉफ्टवेअर टाक’ असे सांगितले (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग), दुसऱ्याने प्रोसेसर म्हातारा झाल्याचे निदान केले, आणि तिसऱ्याच्या सल्ल्याने विंडोज दोनदा नव्याने टाकून झाले. विचारणा अशी की, आता प्रोसेसरच बदलावा काय?

बदलू नये, आणि बदलताही येणार नाही. या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मदरबोर्डला झाळून बसवलेला असतो. तिन्ही मित्रांनी आलेखाच्या उंचीकडे पाहिले, पण बहुधा त्याच पानाच्या खालच्या बाजूला लिहिलेला गिगाहर्ट्झचा, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाचा, आकडा कोणी वाचला नाही. दोष त्या आकड्यात आहे असे मला तुमच्या वर्णनावरून जवळपास निश्चित वाटते. वर्धा जिल्ह्यातल्या कापसाच्या एका बाजारपेठेत मी सतरा वर्षे लॅपटॉपदुरुस्ती करतो, आणि ‘एकच कोर चालतो’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या दोषाचा कोरशी काही संबंध नसतो, असाच माझा अनुभव आहे.

आधी असमान वापराचा विषय निकाली काढू. कामे दोन जातींची असतात. कापूस वेचायला बायका वावरात उतरल्या की प्रत्येक जण आपापली पात धरते, आणि एकीचे दुसरीवाचून अडत नसल्यामुळे आठ जणी लावल्या तर काम जवळपास आठपट लवकर उरकते. व्हिडिओ रेंडर करणे किंवा मोठी फाइल झिप करणे ही अशी कामे आहेत; तिथे आठही आलेख एकदम वर जातात. सोयाबीन काढताना मात्र थ्रेशरच्या तोंडाशी माल घालणारा माणूस एकच असतो. गंजीवरून पेंढ्या देणारे, पोते धरणारे आणि कुटार ओढणारे कितीही वाढवले, तरी त्या एका माणसाच्या हाताचा जो वेग तोच सगळ्या खळ्याचा वेग. गेमचा मुख्य थ्रेड, म्हणजे एका वेळी एकाच कोरवर चालणारी कामांची साखळी, हा असा तोंडाशी उभा असलेला माणूस आहे. तुम्ही कळ दाबली, गाडी वळली, समोरच्या पादचाऱ्याने उडी मारली, त्यातून कोणते दृश्य तयार व्हायचे, हे एकापाठोपाठ एक ठरवावे लागते, आणि पुढची पायरी मागचीच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे ती वाटून देता येत नाही. आवाज, भौतिकीची गणिते, रस्त्यावरच्या नव्या इमारतींची माहिती आणणे अशी काही कामे इतर थ्रेडकडे जातात, पण त्यांना लागणारा वेळ थोडा असतो आणि उरलेला वेळ ते वाट पाहत बसतात. संगणकशास्त्रज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेला नियम हेच सांगतो : एखाद्या कामाचा अर्धा भाग वाटता येत नसेल, तर कितीही प्रोसेसर लावले तरी ते काम दुपटीपेक्षा लवकर होणार नाही.

शिवाय ते आठ आलेख म्हणजे आठ कोर नव्हेत. ९३००एचमध्ये कोर चारच आहेत. हायपरथ्रेडिंगमुळे प्रत्येक कोर विंडोजला दोन असल्यासारखा दिसतो. विंडोज शक्यतो आधी चारही खऱ्या कोरांना काम देते आणि मग त्यांच्या जोडीदारांकडे वळते, म्हणून एकाआड एक आलेख रिकामा दिसणे हेही निरोगीपणाचेच लक्षण. एका थ्रेडने आपली पूर्ण ताकद वापरली तरी एकूण वापरात त्याचा वाटा आठव्या हिश्श्याचा, म्हणजे १२.५ टक्क्यांचा असतो. त्यामुळे एकूण आकडा ३५-४० टक्के दाखवत असतानाही गेम प्रोसेसरवर अडकलेला असू शकतो. नव्या प्रोसेसरांत ही विषमता मुद्दाम घडवलेली असते. इंटेलच्या बाराव्या पिढीतील आय५-१२४५०एचमध्ये चार मोठे आणि चार छोटे, कमी वीज खाणारे कोर आहेत, आणि गेम चालू असताना छोटे कोर बऱ्याच अंशी रिकामे राहावेत हीच अपेक्षा आहे. तेव्हा ज्यांच्याकडे नवा लॅपटॉप आहे त्यांनीही आलेख सारखे दिसत नाहीत म्हणून झोप उडवून घेऊ नये.

कोर जागे करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल माझे मत स्पष्ट आहे : टाकू नका. काम नसलेला कोर विंडोज तात्पुरता बाजूला ठेवते आणि काम आले की डोळ्याचे पाते लवण्याआधी परत घेते. त्याला सतत जागा ठेवल्याने मुख्य थ्रेडला एक कणभरही मदत होत नाही. उलट चारही कोर वीज खात राहतात आणि ज्या उष्णतेने तुमचा लॅपटॉप बेजार झाला असावा तिच्यात भरच पडते. याच जातीचा आणखी एक उपद्रवी सल्ला म्हणजे सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन बूटच्या पानावर ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ची चौकट भरणे. ती सोय सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांना कोर कमी करून पाहता यावेत म्हणून ठेवलेली आहे, वाढवण्यासाठी नव्हे. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने तिथे ४ हा आकडा निवडला होता आणि सहा महिने तो निम्म्या थ्रेडवर लॅपटॉप चालवत होता. तुम्हीही तिथे कधी हात लावला असेल, तर ती खूण काढून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा.

प्रोसेसर म्हातारा झाल्याचे निदानही टिकत नाही. प्रोसेसर वयोमानाने हळूहळू मंद होत नाही. तो बिघडला तर संगणक अडकतो, निळी पाटी दाखवतो किंवा सुरूच होत नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे इजा होत असल्याचे २०२४ साली उघड झाले, तेव्हाही लोकांची तक्रार गेम बंद पडण्याची होती, गेम मंदावण्याची नव्हती.

आता तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ : फ्रेम घसरल्यावर टेकलेला आलेखही पंचावन्न टक्क्यांवर येतो. तुम्ही यावरून प्रोसेसर कामच करत नाही असा अर्थ काढला. प्रत्यक्षात विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये हा टक्का प्रोसेसरचा वेग हिशेबात धरून काढलेला असतो. ९३००एचचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ आहे आणि टर्बोमध्ये, म्हणजे गरजेपुरता वाढवलेल्या वेगात, तो जास्तीत जास्त ४.१ पर्यंत जातो. वेग मूळ वेगाच्या वर असेल तर राबणारा कोर सरळ १०० टक्के दिसतो. वेग मूळ वेगाखाली दाबला गेला, तर तोच कोर क्षणभर न थांबता राबत असूनही त्या प्रमाणात खाली दिसतो. २.४ चे पंचावन्न टक्के म्हणजे साधारण १.३ गिगाहर्ट्झ. आता फ्रेमचा हिशेब जुळवून पाहा. सेकंदाला ७० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सुमारे १४ मिलिसेकंद. गेम खेळताना तुमचा प्रोसेसर आधी ३.९ च्या आसपास चालत असेल आणि आता १.३ वर आला असेल, तर वेग तिसऱ्या हिश्श्यावर आला. १४ चे ४२ मिलिसेकंद झाले, आणि सेकंदात बसल्या २४ फ्रेम. हिशेब ढोबळ आहे, कारण रॅमची वाट पाहण्यात जाणारा वेळ प्रोसेसरच्या वेगाने बदलत नाही; तरीही तुम्ही कळवलेल्या २४-२५ फ्रेमशी तो इतका जुळतो की दुसरीकडे शोध घेण्याआधी मी इथेच थांबेन.

थ्रेशरच्या तोंडाशी उभा असलेला माणूस बदललेला नाही. त्याचा हात कोणीतरी धरून ठेवला आहे. हात धरणारे दोनच संभवतात, उष्णता किंवा वीज, आणि त्यांतले नेमके कोण हे अंदाजाने ठरवण्याऐवजी मोजावे. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्याची सेन्सरची खिडकी उघडून नोंद सुरू करावी, चार्जर लावलेला ठेवावा, वीस मिनिटे गेम खेळावा आणि मग चार गोष्टी पाहाव्यात : प्रत्येक कोरचा वेग, प्रत्येक कोरचे तापमान, प्रोसेसरला मिळणारे वॅट, आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’ (उष्णतेमुळे वेग कमी करणे) व ‘पॉवर लिमिट’ (विजेची मर्यादा) या ओळींपुढे ‘नो’ आहे की ‘येस’.

वेग पहिल्या मिनिटाला ३.९ च्या आसपास असेल, तापमान चढत ९५-९८ पर्यंत गेले असेल आणि मग वेग करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होत घसरला असेल, तर ती उष्णता आहे. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंशांची आहे. तिच्या जवळ गेला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. गेम सुरू केल्या क्षणापासूनच वेग ०.८ वर खिळलेला असेल आणि तापमान मात्र पन्नास-साठच्या पुढे जात नसेल, तर तो विजेचा मामला आहे. तापमान सत्तरीत, वेग २.५ च्या आसपास स्थिर आणि ‘पॉवर लिमिट’पुढे ‘येस’ असेल, तर लॅपटॉप कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘सायलेंट’ किंवा ‘इको’ मोड चालू राहिला आहे काय ते आधी पाहावे. अर्ध्या मिनिटाचे काम असते. तुमच्या बाबतीत पहिली दहा मिनिटे सुरळीत जात असल्याने माझा कौल उष्णतेकडे आहे.

आपल्या भागात उष्णतेचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतो त्यापेक्षा वेगळा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. प्रोसेसर तेवढीच वीज खात असेल आणि पंखा तेवढ्याच वेगाने फिरत असेल, तर खोलीचे तापमान जितक्या अंशांनी वाढते साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरचेही वाढते. डिसेंबरात तुमच्या खोलीत २५ अंश असताना जो प्रोसेसर ८२ वर सुखाने चालत होता, तो मे महिन्यात टिनाखालच्या ४२ अंशांच्या खोलीत ९९ वर जाणारच. त्यात बिघाड काहीच नाही. चंद्रपूर, अकोला, वर्धा, यवतमाळ या पट्ट्यात बाहेरचा पारा ४५ अंश ओलांडतो, तेव्हा लॅपटॉपची जाळी नुसती स्वच्छ असूनही भागत नाही. आणि ती स्वच्छ तर कधीच नसते.

गेल्या दिवाळीनंतर देवळी तालुक्यातल्या एका घरातून आलेला लॅपटॉप मी उघडला तेव्हाचे दृश्य सांगतो. खालचे झाकण काढल्यावर पंखे तसे बरे दिसत होते, पात्यांवर काळसर धुळीचा थर होता एवढेच. पंख्याचे कव्हर काढले आणि पंखा व तांब्याच्या जाळीच्या मधल्या फटीत पाहिले, तर तिथे करड्या रंगाची, बोटाच्या पेराएवढ्या रुंदीची, नमद्यासारखी घट्ट पट्टी बसलेली होती. चिमट्याने ओढल्यावर ती अखंड निघाली. तो कापसाचा तंतू होता. भाव मिळेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायचा ही आपल्याकडची रीत, आणि ज्या खोलीत छतापर्यंत कापूस रचलेला त्याच खोलीच्या कोपऱ्यात मुलाचे टेबल. हवेत तरंगणारा तंतू पंखा ओढून घेतो, जाळीची पाती त्याला अडवतात, त्यावर मळणीची धूळ बसते आणि दोन हंगामांत हवेचा रस्ता बंद होतो. पंखा पूर्ण आवाज करत फिरतो, म्हणून मालकाला वाटते की थंड करण्याचे काम चालू आहे. हाताने पाहिले तर जाळीतून बाहेर येणारी हवा फुंकरीएवढीही नसते. ती पट्टी काढून प्रोसेसर व तांब्याच्या मधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट नवी लावल्यावर त्या लॅपटॉपचे तापमान त्याच गेममध्ये ९७ वरून ८१ वर आले. तुमच्या घरी कापूस असतो की नाही मला ठाऊक नाही, पण तुमच्या तालुक्यात नसेल तर नवल.

ही पट्टी बाहेरून फुंकून निघत नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. बाहेरच्या जाळीतून हवा मारली की ती मागे सरकून पंख्याच्या पोटात जाते आणि पंखा सुरू झाला की पुन्हा जागेवर येऊन बसते. पंक्चरच्या दुकानात नेऊन कंप्रेसरची हवा मारून घेणारे बरेच आहेत. त्या हवेत पाणी आणि तेलाचे थेंब असतात, आणि पंखा त्या झोताने भलत्याच वेगाने गरगरून त्याचे बेअरिंग जाते. झाकण उघडून, सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढून, पंख्याचे कव्हर उचलून पट्टी पंख्याच्या बाजूने चिमट्याने काढावी आणि उरलेली धूळ मऊ ब्रशने झाडावी. ब्रश फिरवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

पाच वर्षांत थर्मल पेस्टही वाळून खडूसारखी झालेली असते किंवा गरम-थंड होता होता चिपच्या कडेला सरकलेली असते. ती बदलताना उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्यांच्या पट्टीचे स्क्रू त्यांच्याशेजारी छापलेल्या आकड्यांच्या उलट क्रमाने थोडे थोडे सैल करावेत आणि बसवताना आकड्यांच्या सुलट क्रमाने आवळावेत. एकच कोपरा आधी घट्ट केला तर उघड्या चिपचा काठ उडू शकतो. तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट चिपच्या मध्ये पुरते. ग्राफिक्सच्या मेमरीवर आणि वीज नियंत्रित करणाऱ्या भागांवर पेस्ट नव्हे, तर मऊ पॅड असतात. ते फाटले नसतील तर तसेच ठेवावेत, फाटले असतील तर त्याच जाडीचे घ्यावेत. जाड पॅड लावला की पट्टी उचलली जाते आणि प्रोसेसर व तांब्यात फट राहते. मग सगळी मेहनत उलटते. पेस्टऐवजी लावतात त्या पातळ धातूच्या, म्हणजे लिक्विड मेटलच्या, वाटेला जाऊ नये. त्यातले गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरते आणि सांडलेला एक थेंब बोर्ड जाळू शकतो. ज्यांनी कधी लॅपटॉप उघडलेला नाही त्यांनी पहिला प्रयोग स्वतःच्या एकमेव लॅपटॉपवर करू नये, असे मी दुकानदार म्हणून नव्हे तर असे बोर्ड दुरुस्त करून थकलेला माणूस म्हणून सांगतो.

कूलरविषयी एक सूचना. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर खोलीचा पारा चांगला उतरवतो आणि तेवढे अंश लॅपटॉपलाही मिळतात, तेव्हा त्याच खोलीत बसणे योग्यच. मात्र लॅपटॉप थेट झोतात ठेवू नये. ओल्या ताट्यांतून येणाऱ्या हवेबरोबर बारीक तुषार येतात, आणि पूर्णा नदीच्या खाऱ्या पट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या काही भागांत, त्या पाण्यातले क्षार वाळून बोर्डावर पांढरी साय धरतात. अशा सायीने गंजलेले कनेक्टर मी पाहिले आहेत.

आता दुसरा हात, विजेचा. नोंदीत वेग ०.८ वर खिळलेला दिसला तर चार्जर पालथा करून त्यावरची अक्षरे वाचावीत. १९.५ व्होल्ट आणि ७.७ अँपिअर लिहिलेले असेल तर गुणाकार १५० वॅटचा होतो, १९.५ आणि ३.३३ असेल तर जेमतेम ६५ चा. तुमच्या प्रोसेसरला कंपनीने ४५ वॅट धरले आहेत, टर्बोत तो त्याहून जास्त ओढतो, आणि ग्राफिक्स कार्ड व पडद्याची भूक वेगळी. मूळ चार्जर जळाल्यावर तालुक्याच्या ठिकाणी ‘पिन बसते ना, मग चालतो’ म्हणून दिलेला ६५ वॅटचा चार्जर बॅटरी भरतो, चित्रपट दाखवतो, आणि गेम सुरू होताच लॅपटॉप स्वतःला आवळून घेतो. काही कंपन्यांच्या पिनमध्ये चार्जरची ओळख सांगणारी बारीक तार असते. ती तुटली किंवा डुप्लिकेट चार्जरमध्ये ती नसलीच, तर वॅट पुरेसे असूनही लॅपटॉप त्याला ओळखत नाही आणि वेग वाढू देत नाही.

रात्री शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की डीपीवरचा दाब उतरतो आणि गेम मंदावतो, अशी तक्रारही मला येते. चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे १७० व्होल्ट मिळाले तरी लॅपटॉपचा वेग त्याने कमी होत नाही. फक्त चार्जर जास्त करंट ओढून जास्त तापतो, तेव्हा तो गादीखाली किंवा उशीवर ठेवू नये. वीज गेल्यावर बॅटरीवर गेम मंद होणे हे मात्र ठरलेलेच आहे, कारण बॅटरी तेवढे वॅट देऊ शकत नाही. आणखी एक बाब सहसा कोणी तपासत नाही : अनेक गेमिंग लॅपटॉप अचानक वाढलेली भूक भागवायला चार्जर चालू असतानाही बॅटरीची मदत घेतात. बॅटरी खिळखिळी झाली किंवा काढून ठेवली की ही मदत बंद होते आणि वेग दाबला जातो. टचपॅड वर उचललेला वाटत असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल तर बॅटरी फुगली आहे. तिच्यासह लॅपटॉप चालवणे त्याच दिवशी थांबवावे.

नोंदीत वेग आणि तापमान दोन्ही चांगले निघाले आणि तरीही फ्रेम कमी असतील, तरच पुढच्या गोष्टींकडे वळावे. गेमचे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणून पाहावे. फ्रेम वाढल्या तर अडचण ग्राफिक्स कार्डाची, तसूभरही वाढल्या नाहीत तर प्रोसेसर किंवा रॅमची. तुमची ८ जीबीची एकच पट्टी हा खरा कच्चा दुवा आहे. डीडीआर४-२६६६ ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २१.३ जीबी माहिती पुरवू शकते, दोन पट्ट्या ४२.६, त्यात ब्राउझर उघडा राहिला की ८ जीबी भरून विंडोज डिस्कवर माहिती ठेवू लागते आणि गेम मध्येच गचका खातो. तेवढ्याच क्षमतेची दुसरी पट्टी घेणे हा या लॅपटॉपवर पैसे खर्च करण्याचा सर्वांत शहाणा मार्ग आहे, पण उष्णतेचे काम झाल्यावर, आधी नव्हे. गेम क्रॅक केलेला असेल तर त्याच्यासोबत आलेले, गुपचूप क्रिप्टोची आभासी नाणी खोदणारे सॉफ्टवेअर मागे चालत नाही ना हेही पाहावे. अशी काही सॉफ्टवेअर टास्क मॅनेजर उघडताच थांबतात, म्हणून गेम बंद असतानाही पंखा जोरात फिरत असेल आणि टास्क मॅनेजर उघडल्यावर शांत होत असेल तर संशय घ्यावा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तुमचा प्रोसेसर ११ च्या पात्र यादीत आहे, तेव्हा तिसऱ्यांदा टाकण्याची वेळ आलीच तर ११ टाकावे.

सफाई होईपर्यंतचा उतारा असा. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ केले की टर्बो बंद होतो आणि वेग २.४ वर थांबतो. टर्बोच्या शेवटच्या काही शे मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज बरेच वाढवावे लागते, आणि विजेची भूक व्होल्टेजच्या वर्गाने वाढते; म्हणून वेग चाळीस टक्क्यांनी उतरला तरी उष्णता त्याहून खूप जास्त उतरते. मघाच्या हिशेबाने एका फ्रेमला २३ मिलिसेकंद लागतील आणि तुम्हाला ४३-४४ फ्रेम मिळतील, पण त्या विसाव्या मिनिटालाही मिळतील. सोबत एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेम ४५ वर बांधावी. तुमच्या जातीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तांब्याच्या त्याच नळ्यांवर उष्णता टाकतात. एकाने कमी टाकली की दुसऱ्याला श्वास मिळतो. जीटीए ५ मध्ये ‘पॉप्युलेशन डेन्सिटी’ आणि ‘एक्स्टेंडेड डिस्टन्स स्केलिंग’ हे दोन काटे खाली आणावेत, कारण मुख्य थ्रेडवरचा बोजा त्यांनीच वाढतो. टेक्स्चरला हात लावण्याची गरज नाही. व्होल्टेज कमी करण्याचा, म्हणजे अंडरव्होल्टिंगचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तो उपाय उत्तम होता, परंतु डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली फट उघड झाल्यावर बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, अपडेटने तो बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये बंद केला गेला, आणि तो परत मिळवण्यासाठी जुना बायोस टाकणे मला धोक्याचे वाटते.

सफाई आणि पेस्ट झाल्यावर तीच वीस मिनिटांची नोंद त्याच खोलीत, त्याच वेळी पुन्हा घ्यावी. तापमान ८५ च्या खाली आणि वेग ३.५ च्या वर राहिला, तर ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ चे पुन्हा १०० करावे. तापमान उतरले, चार्जर मूळचा आहे, बॅटरी धड आहे आणि तरीही वेग ०.८ वरच येऊन बसतो असे दिसले, तर बोर्डावरच्या वीज नियंत्रित करणाऱ्या भागाकडून प्रोसेसरला ‘मी तापलो आहे’ असा खोटा इशारा जात असण्याची शक्यता असते. तो इशारा सॉफ्टवेअरने बंद करण्याची युक्ती व्हिडिओंमध्ये दाखवतात; ती वापरू नये, कारण इशारा खरा असेल तर पहिल्यांदा जळतो तो बोर्डच. अशा वेळी मीटर आणि सर्किटचा नकाशा असलेल्या माणसाकडे लॅपटॉप न्यावा, आणि जाताना दोन्ही नोंदींच्या फाइली पेन ड्राइव्हवर सोबत घ्याव्यात.